दावणीचा बैल आणि पहिले शील

गेल्या बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी माळशिरस तालुक्यातील एका विहारात मी बोलत होतो. विषय पंचशीलाचा होता. भाषण संपल्यावर माझाच एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे आईबाप दरवर्षी हंगामात बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. तो म्हणाला, ‘सर, बाप रोज बैलाला मारतो. नाही मारलं तर गाडी फडातनं निघत नाही. घरात मटण शिजतं. मग मी पहिलं शील कुठल्या तोंडानं म्हणू?’ सभा थोडी हसली. मला हसू आले नाही. मी त्याला काहीतरी उत्तर दिले, पण ते घाईचे होते. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आपल्या चळवळीत प्राण्यांविषयीच्या अहिंसेवर फारसे बोलले जात नाही. याला कारण आहे. ‘अहिंसा’ हा शब्द आपल्या वस्तीत बहुतेक वेळा उपदेश म्हणून आला, आणि उपदेश करणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काठी होती. तुम्ही काय खाता, तुमच्या घरातून कसला वास येतो, एवढ्यावरून आपली पायरी ठरवली गेली. म्हणून आपले कार्यकर्ते म्हणतात, ‘आधी माणसाचे बघू, जनावराचे मागाहून.’ हे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु ते पुरेसे नाही. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, जनावरांविषयीची अहिंसा हा शांततामय जगाचा पाया होऊ शकतो, मात्र ती वेदनेच्या जाणिवेवर उभी असली पाहिजे. ती विटाळाच्या कल्पनेवर उभी राहिली, तर तीच अहिंसा माणसाविरुद्धचे हत्यार बनते. या दोन अहिंसा वरून सारख्या दिसतात, पण त्यांचे मूळ वेगळे आहे आणि फळही वेगळे आहे. तो फरक येथे तपासायचा आहे.

१

माझा आजा गावची मेलेली जनावरे ओढत असे. हे त्याने पसंत केलेले काम नव्हते. महारकीच्या कामांत ते काम होते, आणि जन्माबरोबर ते अंगावर आले होते. बैल असो, गाय असो, जिवंत असेपर्यंत ती पाटलाच्या दावणीला. बेंदराला तिच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ, तोंडाला पुरणपोळी. ती मेली की निरोप आमच्या वस्तीत. ज्या घरात तिची पूजा झाली त्या घरातले कोणी तिच्या कलेवराला हात लावीत नसे. हात आम्ही लावायचा, आणि तो लावला म्हणून पुन्हा विटाळ आमचाच. आजीकडून मी ऐकले आहे की, ज्या दिवशी मोठे जनावर पडे त्या दिवशी वस्तीत चूल पेटे. ‘पडे’ या एका शब्दात आनंद आणि लाज दोन्ही असत.

या व्यवस्थेत प्राण्याविषयी प्रेम होते का? असेलही. पण त्या प्रेमाचा हिशेब अपुरा होता. जनावर राबवणारा, त्याला पुजणारा आणि त्याचे कलेवर ओढणारा अशी वाटणी झाली होती. पुण्य पुजणाऱ्याला आणि पाप ओढणाऱ्याला गेले. हिंसा गावात होतच होती. तिचा विटाळ तेवढा वेशीबाहेर साठवून ठेवला होता. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात याच प्रश्नाचा मुळापासून शोध घेतला आहे. एके काळी यज्ञात गाय मारणाऱ्या वर्गाने बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात आपले वर्चस्व परत मिळवण्यासाठी गोमांस सोडले आणि गाय पवित्र ठरवली. मेलेल्या गाईचे मांस खाण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते ते मोडलेल्या जमातींचे लोक अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. या सिद्धान्ताच्या तपशिलावर इतिहासकारांनी वाद जरूर घालावा. पण त्याने दाखवलेली एक गोष्ट आपल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. गाय वर चढली तेव्हा माणूस खाली गेला, आणि या दोन हालचाली एकाच तराजूच्या होत्या.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला होता. तरी चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पीत, आणि आपला माणूस पिऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि त्यासाठी पंचगव्य वापरले गेले. म्हणजे जनावराचे शेण आणि मूत्र माणसाच्या स्पर्शावर उतारा ठरले. यात गाईवर दया नाही, कारण गाईला त्यातून काहीच मिळाले नाही. तिचा उपयोग माणसाला हिणवण्यासाठी केला गेला. विटाळाच्या अहिंसेचे खरे रूप ते हेच.

त्याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, हे विसरता कामा नये. ते गाय पवित्र आहे म्हणून सांगितलेले नव्हते. माणसाची अप्रतिष्ठा ज्या कामाला आणि ज्या घासाला चिकटवली होती तो धागा तोडण्यासाठी ते सांगितले होते. ढोरे ओढणे सोडल्यामुळे कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला किती उत्पन्न बुडते, असा हिशेब वृत्तपत्रांतून आपल्याला ऐकवला जाई. त्याची आठवण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली आहे. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, हे त्यांचे उत्तर होते. माझ्या आजाने दीक्षेनंतर ढोरे ओढणे सोडले. गावाने काही दिवस वस्तीची मजुरी बंद केली. एक म्हैस ओढ्याच्या काठी तशीच सडली. तिच्या वासाने गावाला प्रथमच कळले की हे काम कोणीतरी करीत होते.

२

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. तिचे गोल रिंगण पुरंदावड्याला होते. लाखांचा समुदाय, मधे मोकळे मैदान आणि त्यात धावणारा अश्व. घोडा पुढे गेला की माणसे धावतात, त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून हे पाहिले आहे, आणि मोठेपणी विद्यार्थ्यांबरोबरही पाहिले आहे. त्या भक्तांच्या भावनेची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. जनावराच्या पावलांतही काही मोलाचे आहे असे वाटणे ही माणसाची चांगली बाजू आहे.

पण ती माती पाहताना मला दुसरी पावले आठवतात. पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालायचे, म्हणजे त्याची पावले त्याच्याच मागे पुसली जातील, अशी रीत होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्छेदन’ या निबंधात तिची नोंद केली आहे. घोड्याचे पाऊल कपाळाला आणि माणसाचे पाऊल झाडूखाली! हा विरोध दाखवून मला घोड्याची किंमत कमी करायची नाही. घोड्याच्या पावलाला मान देणारे मन माणसाच्या पावलापाशी का थांबले, हा माझा प्रश्न आहे. आणि उत्तर असे की, तेथे करुणा नव्हती, तेथे क्रमवारी होती. देवाचा घोडा वर, शेतातला बैल त्याच्या खाली, पखालीचा रेडा आणि गाढव आणखी खाली, आणि त्यांच्याबरोबर राबणारी माणसे त्या त्या जनावराच्या पायरीवर. दया पवाराचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचताना जाणवते की, आपल्या आत्मकथनांत जनावर हे प्रतीक म्हणून येत नाही. ते त्याच पंगतीत बसलेले असते. पडलेले ढोर आणि त्याच्याभोवती जमलेली वस्ती, पाठीवर बिऱ्हाड वाहणारे गाढव आणि त्याच्या मागे चालणारे कुटुंब, यांची भूक आणि यांचा मार एकच आहे.

म्हणून ‘आधी माणूस, मग जनावर’ असे म्हणताना आपण नकळत तीच उतरंड मान्य करतो. फक्त तिच्यावर आपली जागा एक पायरी वर मागतो. उतरंडच मोडायची असेल तर दुसरी वाट शोधली पाहिजे.

३

ती वाट आपल्या परंपरेत आहे. दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. मगधातल्या खाणुमत गावच्या कूटदन्त नावाच्या ब्राह्मणाने मोठ्या यज्ञासाठी सातशे बैल, शेकडो वासरे, बोकड आणि मेंढे यूपाजवळ आणून ठेवले होते. यज्ञ कसा करावा हे विचारायला तो तथागतांकडे गेला. तथागतांनी त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. राज्यात चोऱ्या आणि लूटमार माजली होती. राजाच्या पुरोहिताने सल्ला दिला की, फाशी देऊन, कोंडून आणि हद्दपार करून ही लूट थांबणार नाही. जे शेती करतात आणि गुरे राखतात त्यांना बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे चाकरी करतात त्यांना वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागले. मग यज्ञ झाला. त्यात एकही बैल, बोकड, कोंबडा किंवा डुक्कर मारले गेले नाही, झाडे तोडली गेली नाहीत, आणि दासांना व मजुरांना काठीच्या धाकाने, रडत रडत काम करावे लागले नाही. कथा ऐकून कूटदन्ताने आपली जनावरे सोडून दिली.

या सुत्ताची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आधी पोटाचा प्रश्न, मग शांतता, मग जनावरांची सुटका, आणि त्याच वाक्याच्या ओघात मजुरांचे अश्रू. जनावराची हिंसा आणि मजुराचा धाक या दोन वेगळ्या समस्या आहेत असे तथागत मानत नाहीत. ज्या यज्ञात एक आहे त्यात दुसरे असणारच.

हाच विचार सम्राट अशोकाने दगडावर कोरला. कलिंगच्या युद्धानंतर त्याने केवळ तलवार म्यान केली नाही. आपल्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, ते आता दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आणले आहे, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्याने पहिल्या शिलालेखात सांगितले. येथे राजा आपण पूर्ण अहिंसक झालो असा आव आणत नाही. आकडा सांगतो आणि दिशा सांगतो. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, आणि रस्त्याच्या कडेला दोघांच्याही उपयोगासाठी विहिरी व झाडे यांचा उल्लेख आहे. चवदार तळ्याच्या बावीसशे वर्षे आधी एका राजाने माणूस आणि जनावर यांना एकाच विहिरीवर उभे केले होते. पाचव्या स्तंभलेखात तर अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार असे साधे जीव आहेत. गाभण किंवा दूध देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी यांनाही संरक्षण आहे. यादीत पावित्र्याची क्रमवारी नाही. डुकरीण व्याली असेल तर तिलाही सूट, कारण तिलाही पिल्ले आहेत.

महाराष्ट्रात अशोकाचे शिलालेख सोपाऱ्याला मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला १९५६ साली मिळाला. हे तेच वर्ष, ज्या वर्षी नागपुरात दीक्षा झाली. आठव्या लेखात राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. नववा लेख इतर ठिकाणच्या पाठांवरून पूर्ण वाचता येतो. खरे मंगल कशाला म्हणावे हे त्यात सांगितले आहे. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. नोकर आणि जनावर एकाच ओळीत आले आहेत, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचाही अपमान होत नाही. करुणेत आणि क्रमवारीत फरक आहे तो हा.

४

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नातल्या मटणाकडे येऊ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा अर्थ स्पष्ट केला आहे. बुद्धाने अहिंसा हा नियम केला नाही, ते तत्त्व मानले, असे ते म्हणतात. नियम माणसाला मोकळीक देत नाही. तो पाळावा लागतो किंवा मोडावा लागतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. म्हणून मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बाबासाहेब भेद करतात. जेथे केवळ मारण्याची इच्छा आहे तेथे बुद्धाचा विरोध आहे. यज्ञातल्या पशुवधाला त्याने विरोध केला तो याच कारणाने.

हा भेद सोयीचा म्हणून वापरू नये. ‘आम्हाला गरज आहे’ असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. तत्त्व नियमापेक्षा कठीण असते, कारण तेथे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते. दुष्काळात मिळेल ते खाणारे माझे आजा-आजी आणि पगाराच्या दिवशी हौसेने चार किलो मटण आणणारा मी, यांच्या गरजा एक नाहीत. आमच्या भागात पूर्वी मरीआईला हल्या दिला जाई. आजही जत्रेत नवसाचे बोकड कापले जातात, आणि त्यांत आपल्या माणसांचेही बोकड असतात. तेथे गरज कोणती? मूल पास झाले म्हणून बोकडाने मान का द्यावी? बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती दीक्षाभूमीवर घेतली गेली. कोणा गोरक्षकाने ती आपल्यावर लादलेली नाही. प्रस्थापितांनी मांसाहारावरून आपल्याला हिणवले, म्हणून मांसाहारालाच आपली अस्मिता बनवणे ही प्रतिक्रिया आहे. ज्याने हिणवले त्याच्याच उलट आरशात पाहून आपण आपला चेहरा ठरवतो. ताटावर पहारा बसवण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे ठामपणे म्हणावे. आणि त्याच ठामपणाने आपल्या हातातल्या सुरीला प्रश्नही विचारावा. दोन्ही एकाच वेळी करता येते.

५

मग बैलाचे काय? माझा बाप सालगडी होता. मालकाचे दोन खिल्लार बैल त्याच्या हाती होते. तो त्यांना पाणी पाजल्याशिवाय स्वतः पीत नसे. आणि तोच बाप कधी कधी त्यांना पराणीने असा टोची की पुठ्ठ्यावर रक्त येई. कधी टोची हे मला फार उशिरा कळले. ज्या दिवशी मालक त्याला चार लोकांत आईवरून शिवी देई, त्या दिवशी बैलाची पाळी असे. बैल संपला की कधी आईची, कधी माझी. मालकाला परत मारता येत नव्हते. मार वरून आला आणि वाटेत कुठेच थांबला नाही; जो परत मारू शकत नाही त्याच्यापाशी जाऊन मुरला. बाप दुष्ट नव्हता. पण बैलाच्या पाठीवर तो जे शिकला ते घरी घेऊन आला, आणि मालकाच्या तोंडून जे ऐकले ते बैलाला दिले. जनावरावरची हिंसा ही घरातल्या आणि गावातल्या हिंसेची शाळा आहे असे मी म्हणतो, ते या अनुभवावरून.

आज नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने हा तालुका ऊसाचा झाला आहे. गळीत हंगामात रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागते. एका गाडीत दोन टनांहून अधिक ऊस असतो. चढाला बैलाचे पाय घसरतात, गुडघे फुटतात, खांदा सुजतो. मागून गाडीवान चाबूक ओढतो. त्याने कोयत्याची उचल घेतलेली असते, ती फिटायची असते. खेप कमी झाली तर मुकादम विचारतो, मुकादमाला वर विचारणारा दुसरा असतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. बैलाच्या चणीप्रमाणे वजनाची मर्यादा, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. हे नियम मी वर्गात वाचून दाखवले तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘सर, माझ्या आईला असले नियम नाहीत का?’

ती मुलगी जे बोलली त्यात हा सगळा विषय आला. तिची आई पहाटे चारला फडात जाते, मोळ्या डोक्यावरून वाहते आणि रात्री गाडी खाली झाल्यावर परत येते. तिच्यासाठी फडात घड्याळ नाही. बैलासाठी कागदावर घड्याळ आहे, पण ते फडात चालत नाही. आणि खरे तर तिच्यासाठी चालल्याशिवाय बैलासाठी चालणारही नाही. उचलीच्या ओझ्याखालचा माणूस बैलाचे ओझे कमी करू शकत नाही. म्हणून बैलाच्या दयेचे भाषण गाडीवानाला देणे व्यर्थ आहे. त्याची मजुरी वाढवा, उचलीची वेठ मोडा, म्हणजे चाबूक आपोआप हलका होईल. कूटदन्त सुत्तातला पुरोहित हेच सांगत होता. बियाणे, चारा आणि वेतन आधी.

६

याउलट विटाळाची अहिंसा काय करते, हेही आपण पाहिले आहे. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणात झज्जर जिल्ह्यात दुलिना येथे गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावचे दलित तरुण मेलेल्या गाईचे कातडे काढीत असताना पकडले गेले, आणि त्यांना उघडे करून, गाडीला बांधून मारले गेले. गाय आधीच मेलेली होती. तिला कोणतीही वेदना होणार नव्हती. वेदना त्या तरुणांना झाली. गाईच्या नावाने झालेल्या या कृतीत गाईचे काय वाचले? त्यानंतर गुजरातेत अनेक ठिकाणी आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे उचलणे थांबवले. पूर्वी आमच्या ओढ्याकाठी घडले तेच तेथे घडले. पुढे २०१८ साली मार खाल्लेल्या त्या कुटुंबाने त्याच गावात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, म्हणजे पहिले शील घेतले. ज्यांच्या पाठीवर गाईच्या नावाने वळ उठले, त्यांनीच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे वचन घेतले. अहिंसेचा खरा अधिकार कोणाचा, हे यावरून ठरवावे.

महाराष्ट्रातही २०१५ च्या दुरुस्तीने गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आली. परराज्यातून आणलेले मांस बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले. बैल म्हातारा झाला की लहान शेतकरी त्याला विकू शकत नाही आणि पोसूही शकत नाही. मग दावे कापून त्याला मोकाट सोडले जाते. सुरी चालली नाही म्हणून अहिंसा झाली, असे कागद म्हणतो. उपाशी, पाय मोडून रस्त्याकडेला पडलेला बैल काय म्हणेल? जनावराचे आयुष्य कसे गेले हे न पाहता त्याचा मृत्यू कोणाच्या हातून झाला एवढेच पाहणारी दया ही जनावरासाठी नसतेच.

७

तेव्हा आपण काय करायचे? माझ्या मते चार गोष्टी आपल्या हातात आहेत. नवसाचा बळी आपल्या घरातून बंद करावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. ऊसतोड कामगारांच्या मागण्यांत मजुरी आणि कामाचे तास यांच्या जोडीला बैलाच्या ओझ्याची मर्यादाही लिहावी, कारण गाडीवरचा भार कमी करणे हे बैलाच्या आणि मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या दोघांच्याही हिताचे आहे. मेलेल्या जनावराची विल्हेवाट हे ग्रामपंचायतीचे, पगारी, यंत्राने व हातमोजे घालून करायचे काम असावे, कोणत्याही जातीचे नसावे. आणि जनावराच्या नावाने माणसावर हात उचलला गेला की तो प्राण्यांचा शत्रू आहे असे आपण मोठ्याने म्हणावे, कारण त्याने अहिंसा हा शब्दच नासवला.

जगातली युद्धे बैलाच्या पाठीवरून सुरू होतात असे मी म्हणत नाही. परंतु दुसऱ्याची वेदना मोजायची नाही, ही सवय कुठेतरी लागावी लागते. ती आपल्याला परत मारू न शकणाऱ्याच्या पाठीवर लागते. आपण वर्षानुवर्षे त्या पाठीच्या जागी होतो. म्हणून वेदना म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते ज्ञान केवळ आपल्यापुरते ठेवले तर ते तक्रार होईल. बैलापर्यंत नेले तर धम्म होईल.

त्या विद्यार्थ्याला माझे दुरुस्त उत्तर असे आहे. पहिले शील खुशाल मोठ्याने म्हण. शील म्हणजे आपण निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. कोणत्या दिशेने चालायचे याचे ते वचन आहे. अशोकाने दोन मोर आणि एक हरीण शिल्लक असताना ते कोरून ठेवले. तू बापाच्या हातातला चाबूक हिसकावू नकोस. त्या हातावर किती उचल आहे ते आधी विचार. आणि या हंगामात फडावर गेलास तर चढाला गाडीच्या मागे खांदा लाव. तेवढ्याने बैलाचे ओझे किती कमी होते ते बैलाला कळते. बापालाही कळेल.